शुक्रवारी न जेवणारी मुलगी

ज्या आईचं लेकरू आज दुपारी जेवलं नाही आणि जी आता ताट झाकून बसली आहे, तिच्यासाठी हे लिहिते आहे. मी सातवीपर्यंतच शिकले. आमच्या थेरपी सेंटरच्या ताई म्हणाल्या, "मला जसं सांगितलंत तसंच लिहा, नवीन पालकांना वाचायला ठेवू." म्हणून बसले. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही, ते यात शोधू नका. आणि आधीच सांगून टाकते, माझी मुलगी आता जेवते. म्हणजे वाचताना जिवाला घोर नको.

आम्ही मूळचे वाशीम जिल्ह्यातले. लग्न झालं आणि मी भिवंडीत आले. श्रावणीचे पप्पा जवळच्या पूर्णा गावात गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात. आमची खोली एका लूमच्या कारखान्याला चिकटून आहे, मधे एकच भिंत. दोन शिफ्टमध्ये लूम चालतात, खटक खटक, खटक खटक. पहिल्या महिन्यात वाटायचं की माझ्या डोक्यातच कोणीतरी कापड विणतंय. मग इतकी सवय झाली की आवाज ऐकूच येईना. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पेनांची रांग

श्रावणी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना. म्हणून ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. आमचं बोलणं चालू असताना तिनं टेबलावरची सगळी पेनं काढून रांगेत लावली, टोकाला टोक जुळवून. मी मनात खूश. म्हटलं, बघा माझी लेक किती हुशार आहे. डॉक्टर त्या रांगेकडे बघून कागदावर लिहीत होते आणि मला वाटत होतं ते मार्क देताहेत.

मग त्यांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. हा आजार नाही, तिची घडणच अशी आहे, शिकवायची रीत वेगळी ठेवावी लागेल, असं म्हणाले. 

श्रावणीच्या पप्पांनी विचारलं, "गोळ्या किती दिवस घ्यायच्या?"

"याला गोळी नाही."

"मग इंजेक्शन?"

"दादा, इंजेक्शनही नाही."

बाहेर रिक्षा स्टँडवर आम्ही उभे राहिलो. बघते तर श्रावणीच्या मुठीत डॉक्टरांचं एक पेन. पप्पा ते परत द्यायला गेले. एक पेन द्यायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. आले तेव्हा तोंड धुऊन आले होते.

पाच पदार्थ

श्रावणीचे पाच पदार्थ ठरलेले होते. साखर लावून गुंडाळलेली चपाती, दूध, दुधात बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्कीट, वरणभात आणि केळं. चपातीचा तुकडा पडला तर ती चपाती बाद. केळ्यावर काळा डाग दिसला तर केळं बाद. पण जे खायची ते पोटभर खायची.

फक्त शुक्रवारी नाही. शुक्रवारी ताट पुढे केलं की ढकलायची, दिवसभरात थोडं दूध तेवढं घ्यायची.

मला त्याची काळजी वाटायला हवी होती. पण मी लेकीसाठी देवीचे शुक्रवार धरले होते, दिवसभर उपास करायचे. मला वाटलं, माझं बघून तीही धरते! गावी सासूबाईंना फोन केला. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या म्हणाल्या, "माय वं! एवढीशी पोरगी उपास धरते? देवीचाच अंश हाय ते. रागावू नको तिले." मग काय, मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. आमच्या घरमालकीण काकी इथल्याच जवळच्या गावातल्या, त्यांनाही सांगितलं. त्यांना काही पटलं नाही. "उपास मोठ्या मानसानं करावा गो. पोराला कशाला देव उपाशी ठेवील?" एवढं बोलून त्या गेल्या. मला राग आला होता, खरं सांगते.

यादी

मोबाईलवर आमच्यासारख्या आयांचा एक ग्रुप होता. त्यात एका ताईंनी लिहिलं की त्यांच्या मुलाचं गहू आणि दूध बंद केलं आणि तो पुष्कळ सुधारला. बाई मनाची चांगली, मला वेगळा मेसेज करून यादी पाठवली. बंद काय, तर गहू, मैदा, रवा, दूध, दही, बिस्कीट. चालेल काय, तर तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी.

यादी वाचून मी हसलेच. लहानपणी घरी रोज ज्वारीची भाकर असायची, चपाती सणाला. शहरात गेलं की रोज चपाती मिळेल याचंच मला केवढं अप्रूप होतं. आणि इथे ज्वारी म्हणजे स्पेशल डाएट!

त्या ताईंच्या मुलाला पोटाचा त्रास होता आणि त्यांनी ते डॉक्टरांना विचारून केलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मी कोणालाच विचारलं नाही. एका सोमवारी गहू आणि दूध दोन्ही एकदम बंद केलं. ज्वारी दळून आणली. भाकरीकडे श्रावणीनं असं बघितलं की जसा कोणी अनोळखी माणूस घरात शिरला. मग मी हुशारी केली. भाकर पातळ केली, साखर लावली, गुंडाळली आणि चपातीच्या ताटलीत ठेवली. तिनं वास घेतला, खाली टाकली आणि त्या दिवसापासून ती वरणभातसुद्धा आधी हुंगून बघायला लागली. पाच पदार्थांतले तीन मी काढून घेतले होते आणि उरलेल्या दोनांवरचा तिचा विश्वासही घालवला.

ग्रुपमध्ये सांगायचे, सुरुवातीचे दिवस जड जातात, धीर सोडू नका. मी धीर धरला. ती वाळत चालली आणि मी धीर धरून बसले.

ईदची सुट्टी

तीन आठवडे गेले. ईद आली. लूम पाच दिवस बंद, निम्मे कारागीर गावाला गेले. पहिल्या दिवशी श्रावणी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी केळंही नको. तिसऱ्या दिवशी पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागलं आणि सकाळपासून तिला लघवी झाली नव्हती. मी ग्रुपमध्ये लिहितच होते, तेवढ्यात काकी तांदळाची भाकरी घेऊन दारात आल्या. श्रावणीचे ओठ बघितले आणि भाकरीचं ताट तिथेच ठेवलं.

"पोरीला काय वाऱ्यावर जगवतेस का गो? ठेव तो फोन. उठ, रिक्षा थांबवलीय मी."

दवाखान्यात सलाईन लावलं. वजन साडेबारा किलो. मुलगी पाच वर्षांची. लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, काय खाते? मी पर्समधून यादी काढून दिली. वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत आणि त्याचं मला जास्त लागलं.

"रेखा," त्या म्हणाल्या, "हिच्याकडे मुळात पाचच वस्तू होत्या ना? एखाद्या मुलाला दुधाचा किंवा गव्हाचा खरंच त्रास असतो. तेव्हा आम्ही तपासून बंद करतो. तेसुद्धा एका वेळी एकच, आणि बदली काय द्यायचं ते ठरवून. पण यानं ऑटिझम जातो, असं मी तरी तुला सांगणार नाही."

मग त्यांनी चपाती आणि दूध परत चालू करायला सांगितलं आणि वजनाचंही सांगितलं. दोन महिन्यांत चौदा किलो व्हायला हवं. नाही झालं, तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल. 

नाकात नळी! हिच्या केसांना कंगवा लावायला दोन माणसं लागतात.

वॉर्डात

वॉर्डातला दिवस झाडूच्या आवाजानं उजाडायचा. मग वजनकाटा, मग राउंड, मग चहावाला. झाडू मारणाऱ्या मावशी श्रावणीच्या रांगेत लावलेल्या औषधाच्या बुचांना हात न लावता बाजूनं फरशी पुसायच्या. "असू दे बाई, तिचं दुकान आहे," असं म्हणायच्या. अशा माणसांना मी विसरणार नाही.

पण चपाती मिळूनही तिथे ती खाईना. एकदाच खाल्ली. शेजारच्या कॉटवरच्या बाळाला वाफ द्यायचं मशीन लावलं होतं, ते एका सुरात घरघरत होतं, तेव्हा श्रावणीनं अर्धी चपाती संपवली. मला वाटलं बाळ बघून रमली. मशीन बंद झालं आणि तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, पोट भरलं असेल.

चौथ्या दिवशी घरी आलो. लूम चालू झाले होते. तासाभरात तिनं दीड चपाती खाल्ली. काकी म्हणाल्या, "घर ता घर." मलाही तेच वाटलं. मूर्ख होते मी, दुसरं काय.

काळे गोल

मॅडमनी रोज काय दिलं आणि किती खाल्लं ते लिहायला आठवड्याला एक असे कागद दिले होते. मला लिहायची भीती वाटते, शुद्धलेखन चुकेल म्हणून. श्रावणीच्या पप्पांनी डोकं चालवलं. म्हणाले, "लिहू नको. गोल काढ. सगळं खाल्लं तर गोल पूर्ण काळा कर, अर्धं तर अर्धा. नाही खाल्लं तर रिकामा." ते मला जमलं. 

चार आठवड्यांनी दवाखान्यात गेलो. वजन तेरा किलो शंभर ग्रॅम. मी खूश, मॅडम तेवढ्या खूश नाहीत. त्यांनी चारही कागद टेबलावर एकाखाली एक लावले. श्रावणीनं ते आणखी सरळ करून दिले. मॅडम बघत बसल्या. मग बोट ठेवलं.

"शुक्रवारी काय असतं तुमच्याकडे?"

"माझा उपास असतो, मॅडम."

"तुझा. आणि हिचा?"

"तीही धरते," मी म्हटलं. अभिमानानं म्हटलं. "लहानपणापासून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना हसू येत होतं, पण त्या आवरत होत्या. "तिनं तुला सांगितलं का, मी शुक्रवार धरते म्हणून?"

माझी लेक बोलतच नव्हती.

"शुक्रवारी काहीतरी वेगळं होतंय, रेखा. तेवढं शोध. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ. पहिली ही, पुढच्या शुक्रवारी तू तिच्यासमोर बसून जेव."

सोपं वाटतं ना ऐकायला? दोन वर्षांत माझा एकही शुक्रवार मोडला नव्हता. पण जेवले. तिच्यासमोर बसून. श्रावणीनं माझ्याकडे बघितलं, ताट ढकललं आणि रांग लावायला निघून गेली. गोल रिकामा. व्रत गेलं आणि घासही गेला. मी मोरीत नळ सोडून रडले.

त्याच दिवसांत पप्पांनी कोन गावाच्या बाजूला एक खोली बघितली. तिथे आसपास लूम नाही, मागे शेत, एकदम शांत. सगळे म्हणत होते, अशा मुलांना आवाज सोसत नाही, इतक्या खटखटीत पोर जेवणार कसं? ते खरंच वाटायचं, कारण कुकरची शिट्टी झाली की श्रावणी कान दाबून किंचाळते. महिनाअखेरीला सामान हलवायचं ठरलं.

एक मशीन

पुढचा शुक्रवार. दुपारचे दोन वाजले होते. ताट तसंच पडलेलं. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मला टिकटिक ऐकू आली. इकडे तिकडे बघितलं. भिंतीवरचं घड्याळ. सात वर्षं ते घड्याळ आमच्या घरात आहे, त्याला आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं.

मग कळलं. आज लूम बंद आहेत. शुक्रवारी लूम बंद असतात. ईदला पाच दिवस बंद होते. दवाखान्यात लूम नव्हतेच.

मी तशीच अनवाणी पळाले. कारखान्याच्या दारात रहमतचाचा बसले होते. पंचवीस वर्षं इथे लूम चालवताहेत, बिहारचे आहेत. नमाज करून आलेले, पांढरा कुर्ता, कानात अत्तराचा बोळा.

"चाचा, एक मशीन चालू करो ना. पाच मिनिट."

"आज? बहू, जुम्मा है. सेठ सुनेगा तो बोलेगा, बुड्ढा सठिया गया."

"श्रावणी खाती नहीं चाचा. मशीन बंद रहता है तो नहीं खाती."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, बहूच सठियाई. पण उठले, कुर्त्याच्या बाह्या वर केल्या आणि किल्ली काढली. "सेठ पूछेगा तो बोल दूँगा, तेल डालके देख रहा था."

मी खोलीत पोचेपर्यंत पलीकडे मशीन सुरू झालं. खटक खटक, खटक खटक. एकच होतं, तरी भिंत ओळखीची वाटायला लागली. श्रावणी रांग सोडून आली. मांडी घातली. ताट ओढलं. चपातीची गुंडाळी उचलली आणि खायला लागली, जणू मीच आतापर्यंत तिला जेवायला वाढायचं विसरले होते.

काकी दारात आल्या, बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगो बाय! पोर लूमच्या तालावर जेवतं!"

पाच मिनिटांची वीस झाली. पलीकडून चाचा ओरडले, "हो गया क्या?"

मी काही बोलायच्या आत काकी त्यांच्या हिंदीत भिंतीवर ओरडल्या, "बंद मत करो! अजून केला बाकी हाय!"

ताल

सेंटरच्या ताईंनी नंतर समजावलं. एकदम येणारा आवाज अशा काही मुलांना टोचतो. पण एका सुरातला, रोजचा, कधी चुकत नाही असा आवाज काहींना धरून ठेवतो. सगळ्यांना नाही, म्हणून तुम्ही लगेच घरात मशीन आणू नका! तुमच्या लेकराचं काय ते तुमचे गोल सांगतील. आमची तर पोटात असल्यापासून लूम ऐकत होती. तिच्या दृष्टीनं लूम बंद म्हणजे जग बंद, आणि अशा वेळी जेवतं कोण?

कोनची खोली रद्द केली. पप्पांनी तिथल्या मालकाला फोन करून सांगितलं, "काका, तुमच्याकडे फारच शांतता आहे हो." मालकाला वाटलं हे मस्करी करताहेत.

दर शुक्रवारी चाचांना त्रास कसा देणार? म्हणून त्यांनीच माझ्या मोबाईलमध्ये मशीनचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग करून दिलं. त्यात मधेच चाचा एकदा खोकतात. शुक्रवारी श्रावणी त्या खोकल्यापाशी घास हातात धरून थांबते, खोकला झाला की खाते. एकदा मी खोकला काढून टाकलेलं रेकॉर्डिंग लावलं, तर बाईसाहेबांनी ताट ढकललं. आता खोकल्यासकट लावते. चाचांना हे सांगितलं तर ते इतके हसले की खरोखरच खोकला लागला.

दोन महिने पूर्ण झाले तेव्हा वजनाला गेलो. रिक्षात माझी सगळ्या देवांची नावं घेऊन झाली. श्रावणी काट्यावर उभी राहिली. चौदा किलो वीस ग्रॅम. मी टाळीच वाजवली. मॅडमनी तिची मूठ उघडली, त्यातून त्यांची तीन पेनं निघाली.

"चौदा," मॅडम काट्याकडे बघून म्हणाल्या. "पेनं सोडून पूर्ण चौदा. नळी रद्द." आणि एक पेन तिला ठेवायला दिलं.

मी मॅडमच्या पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या. म्हणाल्या, "त्या लूमवाल्या काकांना माझा नमस्कार सांग."

गावी

एक भीती राहिलीच होती. तीन वर्षं गावी गेलो नव्हतो. तिथे लूम कुठून येणार? मोबाईल चार्ज करून, वर एक पॉवरबँक घेऊन आम्ही दिवाळीला निघालो. आत्याबाईंना व्रत मोडल्याचं सांगायचंही बाकी होतं. ते मी गेल्या गेल्या, पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. म्हटलं, होऊन जाऊ दे.

आत्याबाईंनी आधी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "देवीले काय तुम्ही दोघी मायलेकी उपाशी पाह्यजे व्हत्या का? बस. भाकर टाकतो."

त्या चुलीपुढे बसल्या. मी श्रावणीला वरणभात वाढला आणि मोबाईल लावला. खटक खटक. तिनं पहिला घास घेतला. तेवढ्यात आत्याबाईंनी काठवटीत भाकर थापायला घेतली. थप थप, थप थप, थप थप. श्रावणी थांबली. चुलीकडे बघितलं. मग हात लांब करून मोबाईल पालथा घातला आणि माझ्याकडे सरकवला. मी तो बंद केला. मला वाटलं, आता गेलं जेवण.

तिनं दुसरा घास घेतला. थप थप. तिसरा.

आत्याबाईंनी भाकर तव्यावर टाकली आणि हात थांबला. घासही थांबला.

"आत्याबाई, थांबू नका!"

"काऊन वं?"

"थापा तुम्ही. फक्त थापत राहा."

त्यांनी नातीकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. पुढचा गोळा घेतला. मी तव्यावरच्या भाकरी उलटायला बसले. दुरडी भरली. शेजारच्या चार घरी भाकरी गेल्या. मधेच श्रावणीनं एक भाकर उचलली, हुंगली आणि दुरडीत परत ठेवली. टाकली नाही, ठेवली. ज्वारीची आणि तिची अजून नुसती ओळख चालली आहे. मी घाई करत नाही.

"पीठ सरलं वं," आत्याबाई म्हणाल्या. "आता काय थापू?"

ताटात दोन घास राहिले होते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आत्याबाईंनी पदर खोचला आणि रिकाम्या काठवटीवर थापायला लागल्या. थप थप, थप थप. बाहेर पप्पा कोणालातरी सांगत होते की आमच्या घरी आज लग्नाएवढ्या भाकरी झाल्या. 

श्रावणीनं ताट पुसून खाल्लं आणि हात धुवायला उठली. मग मी त्याच चुलीपुढे बसून जेवले. हात धुतला, पिशवीतून कागद काढला आणि शुक्रवारच्या चौकटीतला गोल पूर्ण काळा केला.